मसुद्यावर हरकती मागवल्यात, आम्ही पालकांनी नेमकं काय लिहायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंचा पालकांचा बारा-पंधरा जणांचा ग्रुप आहे, काहींची मुलं कर्णबधिर, काहींची स्वमग्न (ऑटिस्टिक). राज्याने अपंग हक्क कायद्याखालच्या नियमांत बदल करायचा मसुदा काढलाय, हरकती-सूचनांसाठी ३० दिवस दिलेत, त्यातले नऊ गेले. त्या विचारतायत की आम्हाला कायद्यातलं काही कळत नाही, निवेदन देऊन खरंच काही होतं का, की सरळ मोर्चाच काढावा?

ताई, निवेदनाने होतं. पण शंभरातली नव्वद निवेदनं ज्या पद्धतीने लिहिलेली असतात त्याने काही होत नाही हेही तितकंच खरं, आणि मी हे स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय कारण माझं पहिलं निवेदन त्या नव्वदातलंच होतं. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट, मी कुबड्या घेऊन दोन जिने चढून गेलो (लिफ्ट बंद, अपंगांच्या विषयाचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, यावर आता हसू येतं), चार पानं दिली, त्यात आमच्या हालअपेष्टा होत्या, समाजाची मानसिकता होती, सरकारची उदासीनता होती. तिथल्या कक्ष अधिकाऱ्याने सगळं शांतपणे वाचलं आणि म्हणाला, "साहेब, भावना पोचल्या, पण यातलं मी कुठल्या कलमात काय टाकू?" मला राग आला होता तेव्हा. नंतर कळलं की त्या माणसाने मला फुकटात आयुष्यभराचा धडा दिला. टिपणी तो लिहिणार, मसुद्यात पेन तो फिरवणार, आणि त्याच्याकडे पाच दिवसांत सगळ्या हरकतींचा तक्ता करायचं काम असतं. तुमच्या कागदातून त्याला उचलून ठेवता येईल असं वाक्य मिळालं नाही तर तो "संघटनेने सर्वसाधारण सूचना केल्या आहेत" असं लिहून पुढे जातो, आणि त्यात त्याची चूक नाही.

सगळी लढाई शब्दांची आहे हे आधी डोक्यात बसवा. २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा काढून बघा (१९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे), कलम १६ सर्वसमावेशक शिक्षणाबद्दल आहे आणि आपल्याला वाटतं की वा, आता शाळेला प्रवेश द्यावाच लागेल, पण नीट वाचलं तर तिथे सरकारवर जबाबदारी काय आहे? तर शाळा असं शिक्षण देतील यासाठी "प्रयत्न करील". प्रयत्न केला, नाही झालं, संपला विषय. कलम २४ सामाजिक सुरक्षेचं, तिथे आर्थिक क्षमता आणि विकासाच्या मर्यादेत अशी शेपटी आहे. कलम २७ पुनर्वसनाचं, तिथेही तीच. आणि कलम ३ मध्ये आधी म्हटलंय भेदभाव करायचा नाही आणि लगेच पुढे अपवाद, की एखादं वैध उद्दिष्ट गाठायला ते प्रमाणशीर साधन असल्याचं दाखवलं तर चालेल. हा अपवाद काढायला संघटनांनी जिवाचं रान केलं होतं, निघाला नाही. हे शब्द कुणाच्या नजरचुकीने आलेले नसतात हो. वित्त विभाग किंवा विधी विभाग कुठूनतरी ते घालून घेतो, आणि त्या दिवशी आपल्या बाजूने कोणी टेबलावर नसतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे राजीव रतुरी यांची केस, आणि ती तुमच्या कामाची आहे कारण ती नियमांबद्दलच आहे. कायद्याच्या कलम ४० ने केंद्राला सांगितलं की इमारती, वाहतूक, वेबसाईट या सगळ्यांच्या सुगम्यतेची, म्हणजे अपंगांना त्या वापरता येण्याची, मानकं ठरवणारे नियम बनवा. मग २०१७ मध्ये नियम आले, त्यातला नियम १५ म्हणतो की प्रत्येक आस्थापनेने अमुक अमुक मार्गदर्शक सूचना पाळाव्यात. वाचायला एकदम कडक वाटतं. पण त्या मार्गदर्शक सूचना उघडल्या की त्यात "असावं", "करणं इष्ट" अशीच भाषा, म्हणजे कायदा म्हणतो सक्ती, नियम म्हणतो सूचना पाळा, आणि सूचना म्हणतात जमलं तर बघा. सुप्रीम कोर्टाने ८ नोव्हेंबर २०२४ ला नियम १५(१) कायद्याशी विसंगत म्हणून रद्द ठरवला आणि सक्तीचे नियम तीन महिन्यांत करा असं सांगितलं. मूळ याचिका २००५ ची आहे बघा. रॅम्प असावा की असलाच पाहिजे एवढ्या फरकासाठी किती वर्षं गेली याचा हिशोब तुम्हीच करा. २०१७ मध्येच मसुद्याच्या वेळी तो एक नियम दुरुस्त झाला असता तर? मी स्वतः तेव्हा नियमांपेक्षा कायदा पास झाल्याच्या आनंदातच जास्त होतो, खोटं कशाला बोलू.

म्हणून तुमचं पहिलं काम, मसुदा घ्या आणि त्यात हे शब्द शोधून रंगवा: शक्यतो, यथाशक्य, प्रयत्न करील, आवश्यकतेनुसार, योग्य वाटल्यास, निधीच्या उपलब्धतेनुसार, आणि "करील" च्या जागी "करू शकेल" किंवा "करता येईल". कायद्याच्या भाषेत "करील" म्हणजे बंधन आणि "करू शकेल" म्हणजे मर्जी, या एका क्रियापदात तुमच्या मुलाचा दुभाषी अडकलेला असू शकतो. मग दुसरी चाळणी, प्रत्येक नियमाला तीन प्रश्न विचारा की हे कोणी करायचं, कधीपर्यंत करायचं आणि नाही केलं तर काय. ज्या नियमात तिन्हीची उत्तरं नाहीत तो नियम नाही, शुभेच्छापत्र आहे.

आता लिहायचं कसं. चार रकान्यांचा तक्ता करा, पहिल्यात नियम क्रमांक, दुसऱ्यात मसुद्यातली जशीच्या तशी वाक्यरचना, तिसऱ्यात तुम्हाला हवी ती वाक्यरचना पूर्ण लिहून, चौथ्यात कारण दोन-तीन ओळींत. बस. समजा मसुद्यात असं असेल की "सुनावणीच्या वेळी कर्णबधिर व्यक्तीसाठी शक्यतो सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची सोय करण्यात यावी." तर तिसऱ्या रकान्यात लिहा, "सुनावणीची नोटीस देताना संबंधित प्राधिकारी व्यक्तीला संवादाच्या कोणत्या साधनाची गरज आहे हे लेखी विचारील, आणि मागणी केल्यास सुनावणीच्या दिवशी सांकेतिक भाषेचा दुभाषी विनाशुल्क उपलब्ध करून देईल. दुभाषी उपलब्ध नसल्यास सुनावणी पुढे ढकलण्यात येईल आणि त्या व्यक्तीच्या विरोधात एकतर्फी निर्णय घेतला जाणार नाही." बघा यात कोण आलं, कधी आलं, नाही केलं तर काय तेही आलं, आणि निधीचं नाव कुठेच काढलं नाही. कारणाच्या रकान्यात अनुभव टाका, पण एकच आणि नेमका. "आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाच्या सुनावणीला दुभाषी नव्हता, आईने खुणांनी सांगितलं, त्यावर सही झाली" एवढं पुरे. नाव-गाव टाकू नका.

सगळ्याच नियमांवर लिहू नका. पाच-सात निवडा. पंचवीस मुद्दे दिले की त्यातले सोपे तीन मान्य होतात (शब्द बदलला, शुद्धलेखन सुधारलं) आणि "बहुतांश सूचना विचारात घेतल्या" असं लिहायला त्यांना बरं पडतं.

व्याख्या आणि याद्या मात्र सोडू नका, लोक तिथेच कंटाळतात आणि तिथेच घात होतो. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आले, १९९५ च्या कायद्यात सातच होते, त्यामुळे थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेलवाल्यांना वाटलं आपणही आत आलो. यादीत आले खरंच, पण सरकारी नोकरीच्या ४ टक्के आरक्षणाचं कलम ३४ वाचा, तिथे जे गट पाडलेत त्यात हे रक्ताचे आजार कुठल्याच गटात नाहीत. म्हणजे दारातून आत घेतलं आणि पंगतीत पान मांडलं नाही. (जाता जाता, २०१४ च्या विधेयकात हेच आरक्षण ५ टक्के होतं, शेवटच्या फेरीत ४ झालं.) अमेरिकेतही व्याख्येवरूनच पंचाईत झाली होती. त्यांचा अपंग हक्कांचा १९९० चा गाजलेला कायदा, पण तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९९९ आणि २००२ च्या निकालांत अपंग कोणाला म्हणायचं याचा अर्थ इतका आवळला की चष्मा किंवा औषधाने भागतंय तर तुम्ही अपंगच नाही अशी गत झाली, आणि शेवटी २००८ मध्ये व्याख्या रुंद करायला वेगळा दुरुस्ती कायदा आणावा लागला. तुमच्या मसुद्यात "स्वमग्नता" कुठल्या गटात टाकलीय, प्रमाणपत्र कोण देणार, किती वर्षांनी पुन्हा तपासणी हे डोळ्यात तेल घालून बघा.

आता एक जरा बोचरं बोलतो, राग मानू नका. तुम्ही पालक आहात, तुमच्या मुलांसाठी लढताय, पण मुलं कुठायत? संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचं कलम ४ पोटकलम ३ सांगतं की कायदे-धोरणं करताना अपंग व्यक्तींशी, त्यात अपंग मुलंही आली, त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांमार्फत जवळून सल्लामसलत करायची आणि त्यांना सक्रिय सामील करून घ्यायचं. भारताने हा करार १ ऑक्टोबर २००७ ला मंजूर केला आणि २०१६ चा कायदा त्या कराराच्या अंमलबजावणीसाठीच केला असं कायद्याच्या उद्देशिकेतच आहे. करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २०१८ मध्ये अपंगांच्या (त्यांनी स्वतः चालवलेल्या) संघटना आणि अपंगांसाठीच्या (इतरांनी चालवलेल्या) संघटना यातला फरकही स्पष्ट केला. युगांडामध्ये तर संसदेत पाच जागा अपंग प्रतिनिधींसाठी ठेवलेल्या आहेत. आपल्याकडे तसं काही नाही, त्यामुळे निदान कागदावर तरी त्यांचा आवाज यायला हवा.

आणि हे नुसतं तत्त्व म्हणून नाही सांगत. एकदा आम्ही असाच मसुदा घेऊन बसलो होतो, पालकांचा सगळा जोर प्रमाणपत्र किती दिवसांत मिळावं यावर, आणि कोपऱ्यात बसलेल्या एकोणीस वर्षांच्या स्वमग्न मुलाने मोबाईलवर टाईप करून दाखवलं, "रांगेत उभं नाही राहता येत. आवाज. नंबर द्या, मी बाहेर थांबतो." त्याच्या आईलाही हे माहीत नव्हतं की त्याला डॉक्टरची नाही, रांगेची भीती वाटते! आम्ही तो मुद्दा तसाच वाक्य करून घातला. पाठवलेल्या सहा मुद्द्यांपैकी दोन मान्य झाले, त्यातला एक हा होता. खर्च शून्य होता ना, म्हणून. तुमच्या कर्णबधिर मुलांसमोर मसुदा सांकेतिक भाषेत मांडा, स्वमग्न मुलांसाठी सोप्या वाक्यांत आणि चित्रांत एक पान करा, वेळ लागेल, पण जे निघेल ते तुमच्या डोक्यातून येणार नाही.

पालकांची संमती हा शब्द मसुद्यात कुठे आहे तेही बघा. वय लिहिलंय का? कारण आज दहा वर्षांचं पोर उद्या अठराचं होणार. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घ्या, त्यात लहान मूल आणि कायदेशीर पालक असलेली अपंग व्यक्ती यांना एकाच कलमात बसवलंय, की दोघांचा डेटा वापरायच्या आधी पालकाची पडताळलेली संमती घ्या. तीस वर्षांचा माणूस आणि आठ वर्षांचं मूल एका ओळीत. तो अपंगांचा कायदा नव्हताच, म्हणून सुरुवातीला फार कमी जणांनी वाचला, आणि आपल्यावर परिणाम करणारी कलमं अशीच दुसऱ्याच कायद्यात लपलेली असतात. पेरूसारख्या देशाने २०१८ मध्ये प्रौढ अपंगांवरची पालकत्वाची (त्यांच्या वतीने दुसऱ्यानेच निर्णय घ्यायची) पद्धतच काढून निर्णयाला मदत करायची पद्धत आणली. आपण त्या दिशेला चाललोय की उलट हे तुमच्या छोट्याशा नियमातसुद्धा ठरतं.

मोर्चाचं विचारलंत. मोर्च्याला मी कधीच नावं ठेवणार नाही. आपला १९९५ चा कायदा संसदेत पास झाला त्याच्या तोंडावर जावेद अबिदी आणि इतर अपंग कार्यकर्ते दिल्लीत रस्त्यावर उतरले होते, आणि अमेरिकेत १२ मार्च १९९० ला त्या अपंग हक्क कायद्यासाठी लोकांनी व्हीलचेअर खाली ठेवून संसदेच्या पायऱ्या सरपटत चढल्या. पण मला त्याहून आवडतं ते १९७७ चं सॅन फ्रान्सिस्कोचं धरणं, कारण ते कायद्यासाठी नव्हतंच, नियमांसाठी होतं. अमेरिकेच्या १९७३ च्या कायद्यात भेदभावबंदीचं कलम ५०४ येऊन बसलं होतं, पण नियम निघाल्याशिवाय त्याला अर्थ नाही आणि सरकार चार वर्षं नियमांवर सही करेना. शंभरावर अपंग लोक तीन आठवड्यांच्या वर सरकारी इमारतीत ठाण मांडून बसले, फोन तोडले तर कर्णबधिर आंदोलक खिडकीतून सांकेतिक भाषेत बाहेर निरोप द्यायला लागले, आणि २८ एप्रिलला सही झाली. पण हेही बघा की त्यांच्याकडे नियमांचा तयार मसुदा होता आणि मागणी एकच होती, यात काही न बदलता सही करा. तुमच्याकडे आज तसा मजकूर नाही. मोर्चा काढला आणि मंत्री म्हणाले बोला काय हवंय, तर काय देणार हातात?

काहीतरी होऊ द्यायचं नसेल तेव्हा मात्र संख्या कामाला येते. जुलै २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत, २०१६ च्या कायद्यातल्या काही गुन्ह्यांची शिक्षा पातळ करायचा प्रस्ताव आला होता आणि मतं द्यायला जेमतेम दहा दिवस. देशभरातून संघटनांनी इतका विरोध नोंदवला की केंद्राने प्रस्ताव गुंडाळला. तेव्हा कोणी वाक्यरचना सुचवत बसलं नाही, नको म्हणजे नको एवढंच होतं. तुमच्या मसुद्यात एखादा नियम मुळातच घातक असेल तर त्याच्यापुरतं हेच करा, दोनशे मेल जाऊ द्यात, पण प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहा, कॉपी-पेस्ट मेल एकच धरतात.

आता काही बारीकसारीक. हरकती मागवणं हे सरकारचे उपकार नाहीत, कायद्याच्या कलम १०१ मध्येच राज्याने नियम करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करायची अट आहे, त्यामुळे बिचकू नका. मसुदा स्कॅन केलेल्या फोटोसारख्या पीडीएफमध्ये असेल तर अंध माणसाचा स्क्रीन रीडर तो वाचूच शकत नाही, तसं असेल तर आजच्या आज एक ओळीचा मेल टाका की वाचता येईल अशी प्रत द्या आणि तेवढे दिवस मुदत वाढवा. मुदत मिळेल न मिळेल, पण नोंद राहते, आणि पुढे कोर्टात जायची वेळ आली तर हीच नोंद कामाला येते. एक प्रत राज्याच्या अपंग आयुक्तांना द्या, कारण कलम ८० नुसार कायद्याशी विसंगत तरतुदी शोधून दुरुस्ती सुचवणं हे त्यांचं कामच आहे. एक प्रत राज्य सल्लागार मंडळाच्या सदस्यांना. आमदारांकडे जा, पण तक्ता घेऊन नको, त्यातला एकच मुद्दा घेऊन जा आणि त्यावर सभागृहात मांडायचा तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना तयार लिहून द्या, त्यांच्या पीएला आयता कागद मिळाला की काम होतं.

कोणीतरी म्हणेलच की अशी मुलं किती आहेत, एवढ्यासाठी एवढा खर्च? २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्ती, म्हणजे २.२१ टक्के, नोंदल्या गेल्या, पण ती मोजणी आठ प्रकारांवर झाली होती आणि त्यात स्वमग्नता असा वेगळा रकानाच नव्हता, हे त्याच टेबलावर सांगा. त्यांचा आकडा चुकीचा म्हणू नका, अपुरा म्हणा.

अपंग म्हणायचं की दिव्यांग यावर ग्रुपमध्ये भांडत बसू नका एवढी विनंती. मला स्वतःला दिव्यांग हा शब्द आवडत नाही, माझ्या पायात दिव्य असं काही नाही, पोलिओ आहे. पण मसुद्यात जो शब्द असेल तो तक्त्यात वापरा, उरलेल्या २१ दिवसांतले चार त्यात घालवू नका.

आणि मेल पाठवल्यावर झोपू नका. पोच घ्या, इनवर्ड नंबर लिहून ठेवा. अंतिम नियम राजपत्रात आले की तुमचा तक्ता शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघा, आणि जे मुद्दे गेले त्यांच्यासाठी माहिती अधिकारात आलेल्या हरकतींचा संकलित तक्ता आणि त्यावरची टिपणी मागा. त्यात प्रत्येक मुद्द्यासमोर "मान्य" किंवा "अमान्य" आणि बऱ्याचदा एका ओळीत कारण असतं. "वित्तीय भार" असं कारण असेल तर पुढच्या वेळी खर्चाचा अंदाज जोडा, "कायद्याच्या कक्षेबाहेर" असेल तर तुम्ही चुकीच्या दारावर गेला होता, तो मुद्दा कायद्याच्या दुरुस्तीसाठी वेगळा काढून ठेवा. माझ्या कपाटात अशा "अमान्य" मुद्द्यांची एक फाईल आहे, त्यातले तीन पुढच्या मसुद्यांत जवळजवळ माझ्याच शब्दांत आलेले मी पाहिलेत, खाली नाव अर्थातच कोणाचंच नव्हतं.